विनोबांचा अल्सर, आपली ॲसिडिटी आणि पोटातला पंप

एरवी आपण इथे प्रोसेसर, बॅटरी, फास्ट चार्जिंग असल्या गोष्टी उघडून बघतो. आजचं मशीन तुमच्या आतच आहे आणि ते दिवसरात्र ॲसिड बनवतं. ते समजून घेण्यासाठी मी एक असा माणूस निवडलाय, ज्याचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं, एका ओळीचं उत्तर लिहिलं आणि विसरून गेलो. भूदान चळवळ कोणी सुरू केली? आचार्य विनोबा भावे. दोन मार्क.

त्या एका ओळीत एक गोष्ट कधीच येत नाही. पोटात अल्सर घेऊन हा माणूस तेरा वर्षं भारतभर पायी चालला. अंगावर मांस नाही, मधूनमधून मलेरिया, आणि आहार म्हणाल तर दूध, दही आणि मध.

माझा यात काय संबंध? मी बदलापूरला राहतो आणि ऐरोलीत कोडिंग करतो. सकाळची लोकल, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर, रात्री उलटा प्रवास, आणि पावणेअकराला जेवण. दोन वर्षांपूर्वी छातीत जळजळ आणि घशात आंबट पाणी हे रोजचंच झालं, तेव्हा उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलमध्ये एंडोस्कोपी केली. रिपोर्टमध्ये रिफ्लक्समुळे अन्ननलिकेला सूज, ग्रेड ए, असं लिहून आलं. इंजिनिअर असल्यामुळे रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून गप्प बसवेना, म्हणून वाचायला लागलो. घरात आजोबांची जुनी गीताई होती, आमचं मूळ गावही पेणकडचं, त्यामुळे फिरत फिरत विनोबांच्या पोटापर्यंत पोहोचलो. आणि लक्षात आलं की त्यांचा आजार आणि माझा आजार एकाच ॲसिडचे असले तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दोघांनाही सरसकट पित्त म्हणतात, तिथेच घोळ होतो.

(मी डॉक्टर नाही. हे वाचून गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका.)

गागोदे ते पोचमपल्ली

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गागोदे गावातला. पेण तालुका, म्हणजे तेव्हाचा कुलाबा आणि आताचा रायगड जिल्हा. बदलापूरहून कर्जत-खोपोलीच्या अंगाने खाली उतरलं की तोच पट्टा लागतो. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असायचे. ते वस्त्र आणि रंग यांच्या तंत्रातले जाणकार होते, प्रयोग करण्याचा त्यांना नाद होता. आई रुक्मिणीबाई श्रद्धाळू. पुढे विनोबांनी गीतेचं मराठी रूप, म्हणजे गीताई लिहिली, त्यामागे आईला संस्कृत गीता कळत नव्हती हे कारण होतं. मुलगा दोघांवरही गेला असं मला वाटतं. देवावर विश्वास आईचा, आणि स्वतःवर प्रयोग करून बघायची खोड वडिलांची. गणित हा आवडता विषय.

१९१६ च्या मार्चमध्ये इंटरची परीक्षा द्यायला बडोद्याहून मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतला उतरला आणि गाडी बदलून काशीला गेला. सर्टिफिकेटं त्याआधीच आईच्या चुलीत घातली होती. (इंजिनिअरिंगची डिग्री लॅमिनेट करून ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटतो.) त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली आणि पुढचं आयुष्य ठरलं. १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकायला गेले. १९२१ मध्ये वर्ध्याचा आश्रम सांभाळायला गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपल्याकडे आहेत. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली. हे सगळं पुस्तकांत सविस्तर आहे, मी भराभर पुढे जातो.

मला थांबायचंय ते शरीरापाशी. अंगमेहनत भरपूर, तासन्‌तास सूतकताई आणि दळण, खाण्यावर सतत काटछाटीचे प्रयोग. १९३८ मध्ये प्रकृती इतकी खालावली की गांधीजींनी त्यांना हवापालट करायला सांगितलं. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी ते वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात जाऊन राहिले. तिथे तब्येत सुधारली आणि पवनार कायमचा मुक्काम झाला.

मग आलं १९५१. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा मार्चमध्ये तिकडे पायी निघाले. संमेलन संपल्यावर तेलंगणातल्या अशांत भागात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात पोहोचले. तिथल्या दलित कुटुंबांनी कसायला जमीन मागितली. सभेत विनोबांनी ती अडचण मांडली, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभं राहून १०० एकर देऊन टाकले. तिथून भूदान सुरू झालं. विनोबा ५५ वर्षांचे होते. पुढची तेरा वर्षं, १९६४ मध्ये पवनारला परत येईपर्यंत, ते चालतच राहिले. पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचं, रोज साधारण १५ किलोमीटर, रोज नवं गाव, रोज सभा. चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीची दानपत्रं जमली. त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वादात अडकली, आणि प्रत्यक्षात वाटली गेली ती खूप कमी. हेही सांगायला हवं.

दूध-दही: तेव्हाचा सर्वोत्तम वर्कअराउंड

आता त्या थाळीकडे येऊ. अल्सर म्हणजे जखम. जठराच्या किंवा त्याच्या पुढच्या लहान आतड्याच्या अस्तराला पडलेला व्रण. त्यावर ॲसिड लागलं की दुखतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाऊणशे वर्षांत जगभरच्या डॉक्टरांचं म्हणणं साधारण असं होतं: माणूस चिंता करतो, तिखट खातो, ॲसिड वाढतं आणि जखम होते. म्हणजे ॲसिड शमवत राहा. शिकागोच्या डॉ. बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये एक पथ्य मांडलं होतं. दर तासाला थोडं दूध आणि साय, मध्ये मध्ये अल्कलीची पावडर. पोट कधीच रिकामं ठेवायचं नाही, म्हणजे ॲसिडला कामाला काहीतरी मिळत राहील. पुढची कित्येक दशकं अल्सरच्या पेशंटला जगात कुठेही गेलं तरी याच चालीवर दूध सांगितलं जायचं.

विनोबांचा आहार याच जातीचा होता. धान्य जवळजवळ बंद, थोडं थोडं दूध किंवा दही, ठरावीक अंतराने, सोबत मध. गावोगाव पंगती उठत असताना हा पाहुणा वाटीभर दही घेऊन बसायचा. आणि त्यावर पुढचे १५ किलोमीटर.

दूध प्यायल्यावर बरं वाटतं हे खरं आहे. दूध जवळपास न्यूट्रल असतं आणि त्यातली प्रथिनं ॲसिडचा काही भाग शोषून घेतात. पण तीच प्रथिनं आणि दुधातलं कॅल्शियम जठराला आणखी ॲसिड बनवायचा सिग्नल देतात. अर्ध्या-पाऊण तासाचा आराम, आणि नंतर पुन्हा भरती. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर लोडखाली आला म्हणून तुम्ही रिक्वेस्ट तात्पुरती दुसरीकडे वळवली, आणि त्या वळवण्यानेच आणखी रिक्वेस्ट तयार झाल्या. यात विनोबांना हसण्यासारखं काहीच नाही. त्या काळात मोठ्यातल्या मोठ्या हॉस्पिटलकडेही याहून फार वेगळं काही नव्हतं. एक तर दूध आणि अल्कली, नाहीतर ऑपरेशन करून जठराचा भाग किंवा त्याकडे जाणारी नस कापणं.

हा पंप नेमका चालतो कसा

अंबरनाथच्या केमिकल झोनमधून जाताना ॲसिडचे टँकर दिसतात. त्यांच्यावर धोक्याची चिन्हं असतात, हाताळणारे लोक जाड रबरी हातमोजे घालतात. आपल्या जठरात बनतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, रिकाम्या पोटी पीएच साधारण दीड ते दोनच्या आसपास. दिवसाला लिटर-दीड लिटर जठररस तयार होतो. मग जठर स्वतः का विरघळत नाही? कारण त्याच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा थर असतो, त्या थरात बायकार्बोनेट असतं, आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी बदलल्या जातात. हातमोजे आतच बसवलेत आणि ते आपोआप नवे होतात.

ॲसिड बनवण्याचं काम जठराच्या भिंतीतल्या खास पेशींकडे असतं. त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पंप असतात, त्यांना प्रोटॉन पंप म्हणतात. पंप हायड्रोजनचा आयन बाहेर ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियमचा आयन आत घेतो. पेशीच्या आत हायड्रोजन आयनांचं जे प्रमाण असतं, त्याच्या दहा लाख पटींहून जास्त प्रमाण बाहेर तयार होतं. इतक्या उलट्या चढावर ढकलायचं म्हणजे प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून या पेशी ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात.

पंप चालू करायला तीन बटणं आहेत. पहिलं मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नसेचं. उल्हासनगरच्या गल्लीतून जाताना दाल-पकवानचा वास आला की हेच दाबलं जातं. दुसरं गॅस्ट्रिन या हार्मोनचं, जे अन्न पोटात पोहोचल्यावर सुटतं. तिसरं हिस्टामिनचं, जे शेजारच्या पेशी सोडतात.

औषधांच्या तीन पिढ्या यावरूनच समजतात. मेडिकलमध्ये मिळणारी पुदिन्याच्या चवीची पातळ औषधं आणि फेस येणारी पावडर तयार झालेल्या ॲसिडला फक्त न्यूट्रल करतात. बटणाला हात नाही, पंपालाही नाही. त्यानंतर स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामिनचं बटण झाकून टाकणारा रेणू मुद्दाम डिझाइन करायचं ठरवलं. त्यांच्या टीमचं सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि अल्सरची ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल आलं, ज्याने बटणाचा नाद सोडून थेट पंपच बंद केला. आज डॉक्टर देतात त्या पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या याच घराण्यातल्या.

इथे एक बारकावा आहे, जो गोळीच्या पाकिटावर छापलेला असतो पण कोणी समजावून सांगत नाही. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपाला कायमची चिकटते, झोपलेल्या पंपाला नाही. पंप जागे होतात जेवण सुरू झाल्यावर. म्हणून गोळी जेवणाच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप सुरू होईपर्यंत औषध रक्तात हजर असतं. जेवून झाल्यावर, झोपताना, किंवा जळजळ सुरू झाली म्हणून घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. शिवाय शरीर रोज नवे पंप बनवत असल्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. गोळी फोडून किंवा कुटून घेऊ नये, कारण तिच्यावरचं आवरण तिला जठरातल्या ॲसिडपासून वाचवण्यासाठीच असतं.

चांडिलमधला ताप

पुन्हा विनोबांकडे. डिसेंबर १९५२ मध्ये पदयात्रा तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिलला पोहोचली (आता झारखंड). तिथे त्यांना घातक प्रकारचा मलेरिया झाला. ताप चढला, आधीच कृश शरीर आणखी खचलं, आणि विनोबांनी औषध घ्यायला नकार दिला. देवाला ठेवायचं असेल तर ठेवील, अशी त्यांची भूमिका होती. देशभर काळजी पसरली. दिल्लीहून आणि पाटण्याहून मोठमोठ्या नेत्यांनी विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी औषध घेतलं, ताप उतरला आणि ते बरे झाले. मार्च १९५३ मध्ये सर्वोदय संमेलन चांडिललाच भरलं आणि त्यानंतर पाय पुन्हा रस्त्याला लागले.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो, पण श्रद्धा विरुद्ध विज्ञान अशा नेहमीच्या कारणासाठी नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधून काढला होता. म्हणजे विनोबा ज्या हैदराबादच्या वेशीवर संमेलनाला चालत गेले, त्याला लागूनच. मूळ कारण सापडलेलं होतं, त्यावर नेमकं औषध होतं, आणि ते घेताच जिवावरचा आजार काही दिवसांत हटला. त्याच माणसाच्या पोटातला अल्सर मात्र वर्षानुवर्षं दह्याच्या वाटीवर सांभाळावा लागला, कारण त्या आजाराचं मूळ तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. एकाच शरीरात दोन बग. एकाचं रूट कॉज माहीत, दुसऱ्याचं नाही. विनोबांची शिस्त दोन्हीकडे तेवढीच होती, फरक माहितीचा होता.

आपला आजार उलटा आहे

आता आपल्या छातीतल्या जळजळीकडे बघा. रिफ्लक्समध्ये बहुतेकांचं ॲसिड काही भयंकर जास्त नसतं. ते चुकीच्या जागी जातं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूची एक गोल कडी असते. अन्न खाली जाताना ती उघडते आणि एरवी घट्ट बसते. शिवाय श्वासाचा पडदा बाहेरून तिला आधार देतो. वन-वे व्हॉल्व्ह समजा. पोट तट्ट भरलं की ही कडी अवेळी सैल पडते. पोटाचा घेर वाढला की आतून दाब वाढतो. काहींचा जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. अन्ननलिकेला जठरासारखे आतले हातमोजे नाहीत, म्हणून तिथे ॲसिड पोहोचलं की भाजतं.

आमच्या भागाचं वेळापत्रक या व्हॉल्व्हच्या मुळावर उठलंय. अंबरनाथ-बदलापूरचा नोकरदार सकाळी काही न खाता लोकल पकडतो, दुपारी घाईत जेवतो, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि कटिंग, आणि रात्री घरी पोहोचून दिवसभराची भूक एका ताटात भागवतो. साडेअकराला आडवा होऊन मोबाइल. भरलेलं पोट, सैल कडी आणि आडवं शरीर. गुरुत्वाकर्षणाची जी थोडी मदत होती तीही गेली. माझ्या लोकलच्या ग्रुपमध्ये सातआठ जणांच्या बॅगेत पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोनच्या एकत्र कॅप्सूलची स्ट्रिप असते. चिठ्ठीशिवाय सहज मिळते, एकमेकांना सुपारीसारखी दिली जाते. डॉम्पेरिडोनमुळे काही लोकांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

म्हणून मी म्हणतो की आपला आजार विनोबांच्या उलटा आहे. त्यांच्या प्रकारच्या आजाराला गोळी हवी होती आणि त्यांच्यापाशी फक्त पथ्य होतं. आपल्या आजाराला बरंचसं पथ्य हवंय आणि आपण फक्त गोळी घेतो. विनोबा थोडं थोडं खायचे, रात्री लवकर झोपून पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, दिवसभर चालायचे, पोटावर चरबीचा पत्ता नव्हता. या यादीने त्यांचा अल्सर बरा होणार नव्हता. पण रिफ्लक्सच्या पेशंटला आजचा पोटाचा डॉक्टर नेमकी हीच यादी देतो.

माझ्या डॉक्टरांनी आठ आठवड्यांचा कोर्स दिला आणि सोबत तीन गोष्टी सांगितल्या. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. आणि डाव्या कुशीवर झोपणं, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. तीन तासांचं अंतर लोकलवाल्याला कसं जमणार? मी मुख्य जेवण ऑफिसातच संध्याकाळी सात वाजता डब्यातून उरकतो आणि घरी आल्यावर वाटीभर काहीतरी हलकं खातो. घरच्यांना ते सुरुवातीला खटकलं, अजूनही थोडं खटकतं. सोबत जेवायचं राहून जातं आणि त्याला काही सेटिंग नाही.

कोर्स संपल्यावर गोळी बंद करताना एक गंमत होते. बरेच आठवडे दाबून ठेवलेले पंप अचानक मोकळे सुटतात आणि काही दिवस पूर्वीपेक्षा जास्त ॲसिड बनतं. पेशंटला वाटतं आजार परत आला, आणि तो गोळी पुन्हा सुरू करतो. म्हणून डॉक्टर पुष्कळदा डोस हळूहळू उतरवतात.

गोळीने फरक पडला नाही तर मोजायची सोयही आहे, आणि ही तुम्हाला आवडेल. नाकातून एक बारीक सेन्सरची नळी अन्ननलिकेत सोडतात आणि कमरेला छोटा रेकॉर्डर लावून २४ तास घरी पाठवतात. जळजळ झाली की बटण दाबायचं, जेवलो की बटण, आडवं झालो की बटण. नंतर लॉग उघडून बघायचं, की तुम्ही बटण दाबलं तेव्हा खरंच ॲसिड वर आलं होतं का. याची वायरलेस कॅप्सूलही असते, ती अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवतात आणि काही दिवसांनी ती आपोआप सुटून निघून जाते. काही लोकांच्या लॉगमध्ये जळजळ आणि ॲसिड यांचा मेळच बसत नाही, आणि मग उपचार वेगळ्या दिशेने जातो.

काही लक्षणांत मात्र घरगुती प्रयोग करत बसू नका. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, अंगात रक्त कमी होणं, ही लक्षणं दिसली की थेट डॉक्टर. आणि छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते गॅस म्हणून सोडा पिऊ नका, आधी ईसीजी.

१९८२

१९६४ नंतर विनोबांनी काही काळ बिहारमध्ये मोटारीतून फिरून काम केलं आणि १९७० पासून ते पवनारलाच राहिले. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर खूप टीका झाली, त्यांच्या जवळच्या माणसांतही फूट पडली. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ८७ वर्षं वय. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारला प्राण सोडला. चांडिलला लोकांच्या विनवणीवरून औषध घेतलेल्या माणसाने या वेळी ते घेतलं नाही. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं.

त्याच १९८२ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात एक गोष्ट घडली. रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या नमुन्यांत वाकड्या आकाराचे जंतू दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्यासोबत ते जंतू लॅबमध्ये वाढवायचा प्रयत्न करत होते, पण नमुने दोन दिवसांत टाकून दिले जायचे आणि काही उगवत नसे. ईस्टरच्या लांब सुटीत प्लेट तशाच इन्क्युबेटरमध्ये राहिल्या. सुटी संपल्यावर बघतात तर जंतू वाढलेले. त्याला फक्त जास्त वेळ हवा होता. इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही असं मानलं जायचं, त्यामुळे कोणी विश्वास ठेवेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लहान आतड्याच्या बहुतेक अल्सरचं मूळ हा हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू आहे. उरलेल्यांत मोठा वाटा वेदनाशामक गोळ्यांचा. जंतूवर दोन अँटिबायोटिक आणि पंप बंद करणारी गोळी, असा साधारण चौदा दिवसांचा कोर्स असतो.

भारतात हा जंतू भरपूर आढळतो, आणि तो असलेल्या प्रत्येकाला अल्सर होतोच असं नाही. रिफ्लक्सचं कारणही तो नाही. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, पण जळजळ होतीच. त्यामुळे छातीत जळतंय म्हणून कोणी परस्पर अँटिबायोटिक सुचवलं तर आधी टेस्ट झाली का, ते विचारा. टेस्टसाठी दर वेळी एंडोस्कोपी लागत नाही; शौचाच्या नमुन्यावरून होते, किंवा विशिष्ट कार्बन असलेलं युरिया पाजून नंतर पिशवीत फुंकर मारायला लावतात, आणि श्वासात तो कार्बन आला तर जंतू आहे असं कळतं. फक्त त्याआधी दोन आठवडे पंप बंद करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारून थांबवावे लागतात, नाहीतर जंतू पोटात असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.